बागेतला माणूस : कारेल चापेक

सरकारी कार्यालयात रोज सकाळी जे टपाल येते, त्यात मधूनमधून एखादे निनावी पत्र असते. अक्षर मुद्दाम बदललेले, खाली सही नाही, आणि मजकुरात कोणा एकाच्या चारित्र्यावर, निष्ठेवर किंवा मिळकतीवर शिंतोडे. अशा पत्रावर कारवाई करू नये, ते दाखल करून टाकावे, असा नियम आहे. नियम शहाणपणाचा आहे. परंतु ज्याच्याविषयी ते पत्र आलेले असते त्याच्या कानावर ते गेल्यावाचून राहत नाही, आणि त्यानंतरचे त्याचे दिवस कसे जातात याची नोंद कोणत्याही फायलीत होत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपरिचय लिहावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती कारेल चापेक यांची. आपल्या संतांविषयी आणि समाजसुधारकांविषयी लिहिणारे अधिकारी लेखक या अंकात आहेतच. चापेक हे चेक भाषेतील लेखक. त्यांचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध काहीही नाही. तरीही त्यांनी जगाला दिलेला एक शब्द आज आपल्या नातवंडांच्या खेळण्यांवर छापलेला असतो. तो शब्द म्हणजे रोबो किंवा रोबोट. ज्याने असा शब्द प्रचारात आणला तो कोणी यंत्रवेडा शास्त्रज्ञ असेल, अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात तो बागेत रमणारा, कुत्र्यामांजरांचे लाड करणारा आणि वर्तमानपत्रात नोकरी करून पोट भरणारा एक साधा गृहस्थ होता. आणि त्याच्या आयुष्याचे अखेरचे तीन महिने निनावी पत्रांनी काळवंडून गेले होते.

कारेल चापेक यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी ईशान्य बोहेमियातील माले स्वातोन्योविचे या लहानशा डोंगराळ गावी झाला. त्या काळी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. वडील आंतोनीन हे गावोगाव फिरणारे डॉक्टर. खाणकामगार आणि विणकर हेच त्यांचे रोगी. घरी आल्यावर ते बागेत काम करीत. आई लोकगीते आणि लोककथा गोळा करी. घरात आजी होती आणि तिच्या बोलण्यात म्हणींचा व लोकवाणीचा मोठा साठा होता. थोरली बहीण हेलेना पुढे लेखिका झाली आणि थोरला भाऊ योसेफ चित्रकार झाला. धाकटा कारेल प्रकृतीने नाजूक असल्यामुळे सर्वांचा लाडका होता. वडिलांची बाग आणि आजीची भाषा या दोन गोष्टी त्यांना जन्मभर पुरल्या.

शाळकरी वयात मात्र हा नाजूक मुलगा मुकाट बसणाऱ्यांपैकी नव्हता. विद्यार्थ्यांच्या एका गुप्त मंडळात सामील झाल्यामुळे त्यांना ह्रादेत्स क्रालोव्हे येथील शाळा सोडावी लागली आणि ब्रनो येथे बहिणीकडे राहून पुढील शिक्षण घ्यावे लागले. नंतर प्रागच्या विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. मध्यंतरी काही महिने बर्लिन आणि पॅरिस येथेही ते शिकले. १९१५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. परंतु त्याआधीच, विशी ओलांडता ओलांडता, त्यांना पाठीच्या कण्याचा दुर्धर आजार जडला होता. या आजारात मणके हळूहळू सांधले जातात आणि पाठ व मान ताठ होत जातात. त्या काळी यावर उपाय नव्हता. मान वळवायची तर त्यांना सारे शरीर वळवावे लागे. चालताना हातात काठी असे. याच आजारामुळे पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले नाही. त्यांच्या पिढीतील असंख्य तरुण मात्र गेले, आणि त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. ती बोच त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत दिसते.

१९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. चापेक त्या वेळी पत्रकार म्हणून काम करू लागले होते. १९२१ मध्ये ते लिदोव्हे नोव्हिनी या दैनिकात रुजू झाले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. त्याच वर्षी, २५ जानेवारी १९२१ रोजी, प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर त्यांचे आर. यू. आर. हे नाटक आले. एका बेटावर कारखाना आहे. तेथे माणसासारखे दिसणारे कृत्रिम कामगार तयार होतात. ते स्वस्त पडतात, थकत नाहीत आणि तक्रार करीत नाहीत. हळूहळू जगातील सारे काम त्यांच्याकडे जाते, माणसे ऐतखाऊ होतात, त्यांना मुले होणेही थांबते, आणि शेवटी कृत्रिम कामगार बंड करून मनुष्यजातीचा संहार करतात. एकाच माणसाला ते जिवंत ठेवतात. तो अल्क्विस्ट नावाचा बांधकाम करणारा गृहस्थ. त्याला जीवदान मिळते याचे कारण एवढेच की, तो त्यांच्याप्रमाणे स्वतःच्या हातांनी काम करतो.

या कामगारांना काय म्हणावे, हा प्रश्न लेखनाच्या आरंभीच उभा राहिला होता. चापेक थोरल्या भावाकडे गेले. योसेफ तेव्हा चित्र काढीत होते आणि तोंडात कुंचला धरलेला होता. लॅटिनमधील श्रमवाचक शब्दावरून कारेल यांनी एक नाव योजले होते, पण ते त्यांना पुस्तकी वाटत होते. योसेफ यांनी कुंचला तोंडात असतानाच पुटपुटत रोबोट हे नाव सुचविले आणि चित्र पुढे चालू केले. चेक भाषेत रोबोता म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावयाचे फुकट काम. बोहेमियातील शेतकऱ्यांच्या मानेवरून हे जोखड १८४८ मध्ये उतरले. आपल्याकडे याला वेठ म्हणतात, आणि वेठबिगारी नष्ट करणारा कायदा भारतात १९७६ मध्ये झाला. आपण मराठीत रोबोटला यंत्रमानव म्हणतो. त्या शब्दात यंत्र आले, मानवही आला, पण वेठ मात्र गळाली. चापेक यांच्या मनात यंत्रापेक्षा ही वेठच अधिक होती.

नाटक थोड्याच वर्षांत युरोपातील बहुतेक भाषांत गेले. न्यूयॉर्क आणि लंडन येथे त्याचे प्रयोग झाले. लेखकाला एकाएकी जागतिक कीर्ती लाभली, आणि कीर्तीबरोबर तिचा त्रासही आला. प्रथम शब्दाचे जनकत्व त्यांच्या एकट्याच्या नावावर जमा झाले. तेव्हा १९३३ मध्ये त्यांनी आपल्याच दैनिकात भावाची आणि कुंचल्याची हकिगत सांगून ते श्रेय योसेफ यांना देऊन टाकले. दुसरा त्रास याहून चिवट होता. नाटकातील रोबोट हाडामांसासारख्या कृत्रिम द्रव्याचे बनलेले होते. पण लोकांनी त्यांना पत्र्याचे अंग आणि दातेरी चाके बसविली आणि त्या पत्र्याच्या बाहुल्यांचे पितृत्व चापेक यांच्याकडे दिले. १९३५ मध्ये त्यांनी याविरुद्ध एक लेख लिहिला. पत्र्याच्या पुतळ्याच्या अंगी जीव निर्माण होईल अशी कल्पना आपण कधीच केली नव्हती, असे त्यांनी परोपरीने समजावून सांगितले. कोणी ऐकले नाही. पत्र्याचा रोबोट पुढे चालत राहिला.

भविष्यातील भयंकर गोष्टी लिहिणाऱ्या या लेखकाचा दिनक्रम मात्र अगदी निराळा होता. १९२५ मध्ये प्रागच्या विनोह्रादी भागात दोघा भावांनी एकमेकांना लागून असलेली जोडघरे बांधली. एका बाजूस योसेफ सहकुटुंब राहत, दुसऱ्या बाजूस कारेल. घराला बाग होती. कारेल यांनी त्या बागेत स्वतःला अक्षरशः गाडून घेतले. दगडांच्या कपारीत वाढणारी पहाडी फुलझाडे त्यांनी दूरदुरून मिळविली, खते तयार केली, कंद लावले आणि हवामानाशी हुज्जत घातली. ज्याची पाठ वाकत नाही अशा माणसाने सगळ्यात जास्त वाकावे लागणारा छंद निवडावा, याचे प्रथम आश्चर्य वाटते. १९२९ मध्ये त्यांनी बागकामावर माळ्याचे वर्ष हे पुस्तक लिहिले. योसेफ यांनी त्याची चित्रे काढली. बारा महिन्यांत माळी काय काय करतो याचे ते विनोदी वर्णन आहे. फुलांपेक्षा मातीकडे पाहणारा माळी त्यात आहे. इतरांना नोव्हेंबरात सारे मेलेले दिसते, तेव्हा जमिनीखाली पुढच्या वर्षाचे कोंब तयार झालेले त्याला ठाऊक असतात.

छंद आणखीही होते. छायाचित्रणाचा नाद लागला तेव्हा घरातील फॉक्स टेरियर जातीचे पिल्लू हा त्यांचा मुख्य विषय झाला. त्या दाशेन्का नावाच्या पिल्लाची चरित्रकथा १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात मजकूर, चित्रे आणि छायाचित्रे तिन्ही चापेक यांचीच आहेत. हे पुस्तक चेक मुले आजही वाचतात. मांजरी होत्या, आणि मांजरींना पिले होत. ती कोणाच्या घरी द्यावीत, ही एक कायमची विवंचना होती. ओळखीपाळखीच्या प्रत्येक घरी एकेक पिलू पोहोचले की पुढच्या खेपेस नव्या ओळखी काढाव्या लागत. निरनिराळ्या देशांतील लोकसंगीताच्या ग्रामोफोन तबकड्या त्यांनी मोठ्या हौसेने जमविल्या होत्या. या सगळ्यांवर ते वर्तमानपत्रात छोटे छोटे लेख लिहीत. पडसे, आगपेटी, गल्लीतील दिवा, घरात आलेला गवंडी, असा कोणताही विषय त्यांना क्षुद्र वाटत नसे. देश स्वतंत्र झाला आहे तर त्याचा कारभार दैनंदिन जीवनात नीटनेटका चालावा, आणि वर्तमानपत्राने त्याला हातभार लावावा, अशी त्यांची श्रद्धा होती.

दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी मित्रांची बैठक भरे. लेखक, संपादक, इतिहासकार, राजकारणी, निरनिराळ्या मतांचे लोक येत. कॉफी आणि गप्पा हाच कार्यक्रम. आपल्याकडील एखाद्या चोखंदळ कट्ट्याचीच ती चेक आवृत्ती म्हणता येईल. पुढे पुढे या बैठकीला राष्ट्राध्यक्ष तोमाश मासारिक हेही येऊ लागले. मासारिक हे एका गाडीवानाचे चिरंजीव. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि नंतर देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. चापेक यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षे संभाषणे केली, टिपणे ठेवली आणि १९२८ ते १९३५ या काळात ती तीन भागांत प्रसिद्ध केली. राष्ट्रपुरुषाचे आत्मकथन इतक्या घरगुती भाषेत क्वचितच कोठे झाले असेल. परंतु याच स्नेहामुळे चापेक यांच्यावर एक शिक्का बसला. ते राजवाड्याचे भाट आहेत, सत्तेच्या सावलीत वाढलेले लेखक आहेत, असे विरोधी पत्रे लिहू लागली. डाव्यांना ते कोमट वाटत, उजव्यांना परके वाटत.

या वादावादीचा त्यांना अनुभव इतका आला की, त्यांनी त्याचे शास्त्रच लिहिले. लेखणीच्या युद्धातील बारा डावपेच त्यांनी एका लेखात सांगितले आहेत. प्रतिपक्षाला मुळातच तुच्छ लेखावे, हा पहिला डाव. प्रतिपक्ष जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालावे आणि मग त्याचे खंडन करावे, हा दुसरा एक. मूळ मुद्दा सोडून भलत्याच गोष्टीवर घसरावे, हा आणखी एक. आणि शेवटी काहीही झाले तरी आपणच जिंकलो असे जाहीर करून रणांगण सोडावे. हा लेख वाचताना हसू येते. आजच्या काळात प्रत्येकाच्या हातात एक वृत्तपत्र आले आहे आणि सही न करता लिहिण्याची सोयही झाली आहे. हे बाराही डाव आता दिवसभरात एकाच बैठकीत पाहावयास मिळतात. चापेक यांचे सांगणे हे की, वादात समोरचा माणूस खरोखर काय म्हणतो हे ऐकून घेण्याची वेळच कोणावर येत नाही.

शरीर साथ देत नसतानाही त्यांनी प्रवास पुष्कळ केला. इटली, इंग्लंड, स्पेन, हॉलंड आणि उत्तर युरोपातील देश यांच्यावर त्यांनी स्वतः काढलेल्या रेखाचित्रांसह प्रवासवर्णने लिहिली. १९२४ च्या इंग्लंड प्रवासात ते वेंब्ली येथील ब्रिटिश साम्राज्याचे प्रचंड प्रदर्शन पाहावयास गेले. वसाहतींतून आलेला माल, यंत्रे, फळे, कातडी, सारे त्यांनी पाहिले. पण साम्राज्यात राहणारी कोट्यवधी बिनगोरी माणसे आणि त्यांनी स्वतःसाठी निर्माण केलेल्या वस्तू या दालनांत कोठे आहेत, असा प्रश्न त्यांना पडला, आणि तो त्यांनी छापून विचारला. ती माणसे म्हणजे बहुतांशी आपले आजे-पणजेच होते. सत्काराला बोलावलेल्या पाहुण्याने यजमानाच्या घरात असा प्रश्न विचारणे सोपे नसते.

त्यांच्या कल्पित कथांकडे आता पुन्हा वळले म्हणजे त्या कोठून आल्या हे नीट उमजते. १९२४ च्या क्राकातित या कादंबरीत एका संशोधकाला अणूच्या पोटातील शक्ती मोकळी करणारे स्फोटक सापडते, आणि ते मिळविण्यासाठी सत्ताधीश त्याच्या मागे लागतात. हिरोशिमाच्या एकवीस वर्षे आधी हे लिहिले गेले. पण माझ्यासारख्या सरकारी नोकराला त्यांचे सर्वांत जवळचे वाटणारे पुस्तक निराळेच आहे. ते म्हणजे १९३४ मध्ये आलेली साधे आयुष्य ही कादंबरी. तीत ना रोबोट आहे, ना स्फोटक. रेल्वे खात्यातील एक निवृत्त अधिकारी मरणापूर्वी आपल्या आयुष्याचा नीट हिशेब लिहावयास बसतो. त्याला वाटते, आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखे काहीच नाही. लिहिता लिहिता त्याला आढळते की, आपल्या आत एक नव्हे, अनेक माणसे राहत होती. त्यातला एक कर्तव्यदक्ष, एक हिशेबी, एक कवी, एक अगदी हलका. आपल्यातच इतकी माणसे असतील, तर दुसऱ्या माणसाला परके कसे म्हणावे, या प्रश्नापाशी ते लेखन येऊन थांबते. पेन्शनच्या कागदपत्रांवर सह्या करण्याचे दिवस जवळ आलेल्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी.

१९३३ मध्ये शेजारच्या जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. चापेक यांच्या लेखनाचा सूर त्यानंतर बदलत गेला. १९३६ मध्ये पुस्तकरूपाने आलेली पाणसरड्यांशी युद्ध ही कादंबरी आधी त्यांच्या दैनिकात क्रमशः छापली जात होती. समुद्रात सापडलेल्या बुद्धिमान पाणसरड्यांना माणसे मोती काढण्यास जुंपतात, त्यांचा बाजार मांडतात, त्यांना हत्यारे देतात. मग ते सरडे राहण्यास अधिक किनारा मागू लागतात आणि भूखंड बुडवू लागतात. पुन्हा वेठ, आणि पुन्हा वेठीचा सूड. राष्ट्रे मात्र परिषदा भरवीत राहतात आणि दुसऱ्याचा किनारा देऊन आपला वाचवू पाहतात. १९३७ च्या पांढरा रोग या नाटकात एका भयंकर साथीवर औषध सापडलेला एक गरीब डॉक्टर आहे. जोवर सत्ताधीश युद्ध थांबविण्याचे वचन देत नाहीत तोवर श्रीमंतांना औषध देणार नाही, असा त्याचा हट्ट आहे. शेवटी हुकूमशहालाही त्या रोगाची लागण होते, तो शांततेस कबूल होतो, आणि औषध घेऊन निघालेला डॉक्टर वाटेतच युद्धाच्या घोषणा देणाऱ्या जमावाच्या पायाखाली तुडविला जातो. स्वतःच्या नशिबाची छाया लेखकाने आधीच पाहिली होती की काय, असे हे नाटक वाचताना वाटते.

घरगुती आयुष्यात याच सुमारास उशिराचे सुख आले. नटी आणि लेखिका ओल्गा शाइनप्फ्लुगोव्हा यांच्याशी त्यांचा स्नेह १९२० पासूनचा. आजारामुळे त्यांनी लग्नाचा विचार वर्षानुवर्षे बाजूला ठेवला होता. २६ ऑगस्ट १९३५ रोजी दोघांचा विवाह झाला. एका आप्ताने लग्नाची भेट म्हणून दोब्रझीश गावाजवळचे एक जुने घर त्यांना राहावयास दिले. भोवती झाडी, ओढा आणि तळे होते. चापेक यांनी तेथे रस्ते नीट केले, ओढ्याला बांध घातले, झाडे लावली. प्रागमधील घराची बाग हा छंद होता. येथे तर त्यांच्या वाट्याला एक सबंध दरीच आली. वयाच्या पंचेचाळिशीत ते पुन्हा वडिलांच्या बागेत पोहोचले.

हे सुख तीनच वर्षे टिकले. सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस म्युनिक येथे जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चार राष्ट्रांनी करार केला आणि चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश हिटलरच्या हवाली केला. ज्याचा देश तोडला जात होता त्याला बैठकीत जागाही नव्हती. राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी राजीनामा दिला आणि ते परदेशी गेले. मासारिक आदल्या वर्षीच निवर्तले होते. त्या दिवसांत चापेक यांनी लेखकांच्या वतीने जगाच्या सदसद्विवेकाला आवाहन करणारे निवेदन काढण्यात पुढाकार घेतला. शांतिनिकेतनहून रवींद्रनाथांनीही त्या ऑक्टोबरात प्रागमधील भारतविद्येचे प्राध्यापक लेस्नी यांना पत्र लिहून आपली वेदना कळविली. परंतु म्युनिकच्या मेजावर सह्या आधीच झाल्या होत्या.

पराभूत समाजाला आपल्या पराभवाचा धनी कोणीतरी हवा असतो. राष्ट्राध्यक्ष निघून गेले होते, हिटलरला बोलण्याची सोय नव्हती. मग जवळ सापडणारा, दुबळ्या प्रकृतीचा, मासारिक यांचा मित्र म्हणून ओळखला जाणारा हा लेखक हाती लागला. रोजच्या टपालातून शिव्याशापांची निनावी पत्रे येऊ लागली. दूरध्वनीवरून धमक्या येत. काही पत्रे त्यांच्यावर उघड गरळ ओकू लागली. घराच्या खिडक्या फोडण्यात आल्या. हे करणारे जर्मन नव्हते. ज्यांच्या आगपेटीपासून मांजरीपर्यंतच्या गोष्टी चापेक यांनी अठरा वर्षे आपुलकीने लिहिल्या होत्या, त्यांच्यापैकीच ते होते. साध्या माणसावर श्रद्धा ठेवणाऱ्या लेखकाला साध्या माणसाचा हा चेहरा पाहावा लागला. साधे आयुष्य या कादंबरीतील तो अगदी हलका मनुष्य आता घरोघरी पत्र लिहावयास बसला होता.

मित्रांनी त्यांना देश सोडण्याचा सल्ला दिला. परदेशात त्यांचे नाव होते, वाचक होते, आसरा मिळाला असता. ते गेले नाहीत. तसेच शिव्यांना त्यांनी शिव्यांनी उत्तर दिले नाही. २६ नोव्हेंबर १९३८ रोजी लिदोव्हे नोव्हिनीमध्ये त्यांनी एक लेख लिहिला. घडले ते कसे घडले, एवढाच त्या लेखाचा विषय. त्या दिवसांत आपण प्रत्यक्ष काय केले आणि काय केले नाही, हे त्यांनी सरळ, कोरड्या भाषेत सांगितले. बारा डावपेचांपैकी एकही त्यात नाही. खाली त्यांचे नाव होते. माझ्या मते निनावी पत्राला देता येण्यासारखे उत्तर हे एवढेच आहे : झालेली गोष्ट, क्रमाने, आणि खाली सही.

याने छळ थांबला असे नाही. परंतु त्यांनी काम थांबविले नाही. फोल्तीन नावाच्या एका ढोंगी संगीतकाराची कादंबरी त्यांनी लिहावयास घेतली होती. कलेशी अप्रामाणिक असणारा माणूस हाच तिचा विषय. मधल्या काळात ते खेड्यातील घरी जाऊन तेथील कामेही करीत होते. त्या हिवाळ्यात त्यांना थंडी बाधली, ताप आला, आणि तो फुफ्फुसापर्यंत गेला. मुळातच झिजलेल्या शरीरात प्रतिकाराची शक्ती उरली नव्हती. २५ डिसेंबर १९३८ रोजी, नाताळच्या दिवशी संध्याकाळी, प्राग येथे त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस वर्षांचे. कादंबरी अपुरीच राहिली. जगभर ज्याची नाटके झाली अशा या नाटककाराला सरकारी इतमाम लाभला नाही. व्हिशेह्रादच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले तेव्हा मात्र वाचक मोठ्या संख्येने आले होते. ते सारे आपापल्या पायांनी आणि उघड्या चेहऱ्याने आले होते.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. त्यानंतर गेस्टापोचे लोक चापेक यांना अटक करण्यासाठी त्यांच्या घरी गेले. त्यांचे पती नाताळातच वारले, हे ओल्गा यांनी त्यांना सांगितले. नाझींना जो माणूस इतका धोक्याचा वाटत होता, त्याच्या देशनिष्ठेवर त्याच्याच देशबांधवांनी शंका घेतली होती, याहून कडवट उपरोध दुसरा कोणता असणार? थोरले बंधू योसेफ यांना १ सप्टेंबर १९३९ रोजी पकडण्यात आले. एकामागून एक छळछावण्यांत साडेपाच वर्षे काढून एप्रिल १९४५ मध्ये, महायुद्ध संपण्यास थोडे दिवस उरले असताना, बेर्गेन-बेल्सन येथे त्यांचा अंत झाला. रोबोट हा शब्द देणारा माणूस वेठीच्या सर्वांत भयानक कारखान्यात संपला.

चापेक यांच्या चरित्रातून काय घ्यावे, असे कोणी विचारील. भविष्याचे अचूक भाकीत करणारा द्रष्टा म्हणून त्यांचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु मला ते द्रष्टे वाटतात त्याहून अधिक दक्ष गृहस्थ वाटतात. झाड कधी सुकते, मांजर कधी आजारी पडते, भाषेत एखादा शब्द कधी खोटा वाजू लागतो, याकडे ज्याचे लक्ष असते, त्यालाच माणसांचा जमाव कोणत्या वळणावर जात आहे हे आधी कळते. त्यांची भयंकर कल्पिते त्यांच्या बागेतूनच आली. मातीत हात घालणारा अल्क्विस्ट त्यांच्या नाटकात जिवंत राहिला. प्रत्यक्षात तसे घडले नाही, पण त्यांचे लेखन राहिले.

परप्रांतात पन्नास वर्षे एखादे मंडळ चालते, ते कोणा एका मोठ्या माणसामुळे नव्हे. सतरंज्या अंथरणारे, वर्गणीच्या पावत्या फाडणारे, वाचनालयाची पुस्तके मोजून परत ठेवणारे यांच्यामुळे ते चालते. या पन्नास वर्षांत आपल्याकडेही मतभेद झाले असतील, कधी कडवट शब्द लिहिले गेले असतील. पुढील पन्नास वर्षांत ज्याला जे म्हणावयाचे असेल ते त्याने आपल्या नावानिशी म्हणावे, आणि म्हणून झाल्यावर पुन्हा सतरंजी अंथरावयास यावे. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. चापेक बंधूंचे प्रागमधील घर मात्र अजून उभे आहे, आणि ज्या रस्त्यावर ते आहे त्या रस्त्याला त्या दोघा भावांचे नाव आहे.